पान कोणाचे, शेंडा कोणाचा?

गेल्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. मोझरीला सायंप्रार्थना आटोपून मी घरी परतत होतो, तो दारात एक बाई बसलेली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई. पदराखालून तिने चारदा घडी घातलेला एक कागद काढला आणि म्हणाली, "गुरुजी, हे वाचून सांगा बाप्पा. पोट्टा म्हणते काही नाही झालं, अन् झोपत त नाही रात्रीचा."

कागद जप्तीच्या पंचनाम्याची नक्कल होता. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. दोन-चार कादंबऱ्या नावावर आहेत, म्हणून गावाला वाटते की गुरुजींना कायद्याचेही कळत असेल. कागदात लिहिले होते की अमुक इसमाच्या पिशवीत "हिरवट करड्या रंगाचा, उग्र वासाचा, गांजासदृश पाला, वजन अंदाजे तीनशे ग्रॅम" मिळून आला. "गांजासदृश" या शब्दावर माझी नजर अडली. गांजा म्हटले नव्हते, भांगही म्हटले नव्हते. नुसते "सदृश".

पोरगा दुसऱ्या दिवशी स्वतः आला. वय बावीस. पोलीस भरतीसाठी दोन वर्षे पहाटे चारला उठून सडकेने धावणारा. महाशिवरात्रीला मित्रांबरोबर सालबर्डीच्या यात्रेला गेला होता. मोर्शी तालुक्यातले हे महादेवाचे ठिकाण अगदी राज्याच्या सीमेवर आहे. पाऊल उचलले की पलीकडे मध्यप्रदेश, बैतुल जिल्हा. मित्रमंडळी पलीकडच्या एका गावात गेली, तेथे भांगेच्या दुकानातून पुडा घेतला आणि परत येताना मोर्शीच्या वाटेवर मोटारसायकल अडवली गेली. पुडा याच्या पिशवीत.

"गुरुजी, म्या काय चोरी केली का?" तो म्हणाला. "तिकडं त सरकारी ठेक्याचं दुकान हाये. पाटी लावलेली हाये. पैसे देऊन घेतलं. मंग दोन कोसावर येऊन गुन्हा कसा झाला?"

मला उत्तर देता आले नाही. चाळीशी उलटलेल्या मास्तराला विद्यार्थ्यापुढे निरुत्तर होणे फार लागते. म्हणून मी शोधायला बसलो. उत्तर शोधता शोधता वऱ्हाडचा दीडशे वर्षांचा इतिहास पायाखाली आला. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कोणाला कडू वाटेल. पण होळीची ठंडाई पुष्कळ चांगल्या घरांतून होते, आणि ती करणाऱ्यांपैकी किती जणांना आपण कोणत्या कायद्याच्या हद्दीत पाटा-वरवंटा मांडला आहे हे ठाऊक असते?

पहिल्यांदा झाडाविषयी. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडे नव्हेत. एकाच झाडाची तीन रूपे आहेत. पाने वाळवून वाटली की भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, चिकट राळेने भरलेले, ते वाळवले की गांजा. आणि ती राळच वेगळी खरवडून काढली की चरस. नशा आणणारे द्रव्य पानात थोडे, शेंड्यात जास्त, राळेत सर्वांत जास्त. या द्रव्याची रासायनिक ओळख पटायला १९६४ साल उजाडावे लागले. इस्राएलमधील राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळे काढले. परंतु ज्यांनी गांजा पिकवला त्यांना हे शतकानुशतके ठाऊक होते. बंगालात राजशाही जिल्ह्यातल्या नौगावला गांजाचे मोठे पीक होई. तेथे शेतातली नर झाडे ओळखून उपटून टाकणारा खास जाणकार माणूस असे, आणि इंग्रज त्याला चक्क "गांजा डॉक्टर" म्हणत. नर राहिला की मादीत बी धरते आणि बी धरले की माल हलका होतो. नौगावच्या मालाचे तीन प्रकार विकत: चपटा, गोल आणि चूर. आपल्या मध्य प्रांताचा गांजा खांडव्याच्या बाजूला, निमाडात, सरकारी देखरेखीखाली पिके. चरस मात्र हिमालयापलीकडून, यारकंदहून लेहमार्गे पंजाबात उतरत असे.

एक गैरसमज येथेच दूर करतो, कारण एका शेतकऱ्याने मला तो खरोखरच विचारला. आपल्या वऱ्हाडी शेताच्या बांधावरची अंबाडी या झाडाची कोणी नव्हे. पान हाताच्या बोटांसारखे फाटलेले असते, म्हणून शास्त्रज्ञांनी तिच्या नावात "गांजासारखी" असा अर्थ घालून ठेवला आणि इंग्रजांनी तिला "डेक्कन हेंप" म्हटले, इतकेच. अंबाडीची भाजी आणि भाकरी खुशाल खावी. तागही निराळा. कपाशीच्या आणि तुरीच्या ओळींत दडवून जे लावतात ते खरे झाड, आणि त्याची गोष्ट पुढे येणारच आहे.

हे झाड आपल्याकडे कधीपासून आहे? अथर्ववेदात "भंग" हे नाव आले आहे; ते हेच झाड की दुसरे, यावर विद्वान भांडतात. मला भावली ती गोव्यातली एक हकीकत. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने हिंदुस्थानातील औषधींवर संवादरूपाने ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने पोर्तुगीज सेनापती मार्तिम आफोंसो द सोझा याला सांगितले होते म्हणे, की रात्री आपल्याला पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान किंवा इराण पाहावेसे वाटले तर थोडी भांग घेतली की काम होते! जहाजांच्या जिवावर जग पालथे घालणाऱ्या त्या सेनापतीला हे ऐकून काय वाटले असेल, कोण जाणे.

राजांची भांग हौसेची. सरकारला ती उत्पन्नाची बाब वाटू लागली आणि तेथून कायद्याची गोष्ट सुरू होते.

इंग्रजांनी दारू, अफू आणि गांजा यांवर अबकारी कर बसवला. विक्रीचे मक्ते दिले, परवाने दिले, शेतीला देखरेख लावली. मग विलायतेतल्या दारूबंदीवाल्या मंडळींना प्रश्न पडला, की सरकार लोकांना वेडे करून पैसे मिळवीत आहे की काय? मार्च १८९३ मध्ये डब्ल्यू. एस. केन या सभासदाने पार्लमेंटात हा प्रश्न काढला आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारला एक चौकशी कमिशन नेमावे लागले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत इंग्रज अंमलदार, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन, आणि तिघे हिंदी: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. आपल्या मध्य प्रांताचा माणूसही होता: छत्तीसगडचे कमिशनर फ्रेझर.

या कमिशनने जे काम केले त्याला तोड नाही. ११९३ साक्षीदार. डॉक्टर, वैद्य, तहसीलदार, मिशनरी, मक्तेदार, साधू, शेतकरी. अहवाल सात खंडांचा. आजही जगात कोठे गांजावर वाद निघाला की हा जुना अहवाल कपाटातून खाली येतो.

त्यातला एक भाग तर कादंबरीकाराला हेवा वाटावा असा आहे. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवहीत "वेडाचे कारण" असा रकाना असे आणि त्यात पुष्कळ ठिकाणी "गांजा" लिहिलेले सापडे. कमिशनने विचारले: हे कोणी ठरवले? शोध घेता कळले, की वेड्याला आणणाऱ्या पोलिसाने किंवा कारकुनाने काहीतरी लिहायचे म्हणून हे लिहिले. घरच्यांना विचारले नाही, गावी चौकशी नाही. १८९२ साली ज्या २२२ जणांच्या नावापुढे गांजा किंवा भांग हे कारण लिहिले होते, त्यांच्या घरी-गावी जाऊन तपास केला तेव्हा ९८ जणांच्या बाबतीतच त्यात काही तथ्य दिसले. निम्म्याहून अधिक नोंदी रकाना भरण्यासाठी होत्या. रकाना भरण्याच्या या सवयीविषयी मला अधिक लिहायचे नाही. मी शाळामास्तर आहे, दर महिन्याला किती रकाने भरतो ते माझे मला माहीत.

१८९४ साली कमिशनने निष्कर्ष दिला. बेताने घेणाऱ्यावर म्हणण्यासारखा दुष्परिणाम होत नाही. अतिरेक शरीराला आणि मनाला घातक आहे. सरसकट बंदी करण्याचे कारण नाही. कर वाढवा, शेती मर्यादित जागी ठेवा, परवान्याने विका. राजा शशिशेखरेश्वर आणि लाला निहालचंद यांनी आपली वेगळी मतपत्रिका जोडली. म्हणजे कमिशनही एकमताचे नव्हते, हे विसरता कामा नये. हल्ली या अहवालाचा दाखला "गांजा निरुपद्रवी आहे" एवढाच देतात; तो अर्धा दाखला झाला. शिवाय त्या काळचा बेताने घेणारा गावकरी वर्षातून दोनदा सणाला पेला घेई. रोज संध्याकाळी कॉलेजच्या मागे धूर काढणारा एकोणीस वर्षांचा मुलगा कमिशनपुढे साक्षीला आला नव्हता.

आता वऱ्हाडकडे येऊ, कारण पोराच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

वऱ्हाड मूळचा निजामाचा. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभारात गेला; कागदोपत्री मालक निजाम, कारभारी इंग्रज. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडला. (मालकीचा मान राखण्यासाठी १९३६ नंतर निजामाच्या थोरल्या मुलाला "प्रिन्स ऑफ बेरार" म्हणत. या राजपुत्राचा आमच्या कपाशीशी काही संबंध आला असे ऐकिवात नाही.) मध्य प्रांताचा अबकारी कायदा १९१५ चा. तो वऱ्हाडलाही लागू झाला. त्यात भांग, गांजा, चरस हे तिन्ही मादक द्रव्य म्हणून नोंदले आहेत. परंतु कायद्याचा पाया परवान्याचा. परवाना असेल तर विका, कर भरा.

म्हणजे त्या काळी अमरावती आणि बैतुल हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते, एकाच नागपूरला हिशेब देत आणि एकाच अबकारी कायद्याखाली वागत. सालबर्डीच्या महादेवाला तेव्हा सीमा नव्हती.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. भाषावार प्रांतरचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. बैतुल हिंदी मुलूख म्हणून तिकडेच राहिला. मुंबई राज्यात मोरारजीभाईंच्या काळापासून दारूबंदीचा जोर होता. तेथला कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी कायदा. नाव दारूबंदीचे असले तरी त्यात गांजा, भांग, चरस यांनाही मनाई आहे. १९५९ च्या एका दुरुस्तीने तो राज्याच्या उरलेल्या भागांना, म्हणजे विदर्भालाही लागू केला गेला. आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा तोच कायदा आपल्याबरोबर आला.

मध्यप्रदेशात मात्र तो जुना १९१५ चा कायदाच नाव बदलून चालू राहिला. आजही तेथील अबकारी कायद्यावर १९१५ हेच साल आहे, आणि त्याच्याखाली भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. राजस्थानात आहेत, उत्तर प्रदेशात काशीला आहेत. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने ज्या कायद्याखाली पुडा विकत घेतला, तो त्याच्या पणजोबाचा कायदा होता. आणि ज्या कायद्याखाली तो अडवला गेला, तो १९५९ साली मुंबईहून आला. पुडा तोच होता.

यात आणखी एक मौज आहे. १९४९ चा हा कायदा महाराष्ट्राबरोबर गुजरातलाही गेला, कारण १९६० पर्यंत दोघे एकाच राज्यात होते. गुजरात म्हणजे दारूबंदीचा बालेकिल्ला. त्या गुजरातने २०१७ साली आपल्या राज्यापुरती भांग मादक द्रव्यांच्या यादीतून काढून टाकली. आपल्या महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय भांग बाळगणे आणि सेवन करणे अजून गुन्हा आहे. तिकडे आसामने १९५८ सालीच गांजा आणि भांग दोन्हींना बंदी करणारा वेगळा कायदा केला होता. अशी ही खिचडी होण्याचे कारण घटनेत आहे. मादक पदार्थांवरील अबकारी कर ही बाब घटनेने राज्यांच्या यादीत ठेवली आहे आणि त्या यादीत "भारतीय भांगेचे" नाव घेऊन उल्लेख आहे. प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने चालते.

पण थांबा. एवढेच असते तर पोराला दंड भरून सुटता आले असते. याच्यावर आणखी एक कायदा आहे, दिल्लीचा, आणि तो फार कडक आहे.

१९६१ साली संयुक्त राष्ट्रांनी मादक द्रव्यांवर एक करार केला. पाश्चात्त्य राष्ट्रांना हे सारे झाडच बंद हवे होते. आपल्या प्रतिनिधींनी सांगितले, की आमच्याकडे पान ही लोकरीत आहे. शेवटी व्याख्येत तडजोड झाली: बंदी फुलोऱ्याच्या शेंड्यांना आणि राळेला, शेंडे सोबत नसतील तर नुसती पाने आणि बी यांना नाही. पारंपरिक सेवन बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा संसदेने १९८५ साली अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम केला. लोक त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून "एनडीपीएस" म्हणतात. तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्यानेही तीच व्याख्या उचलली. चरस म्हणजे राळ. गांजा म्हणजे फुललेले किंवा फळलेले शेंडे. आणि शेंडे सोबत नसतील तर पाने व बी त्यातून वगळलेली.

तेव्हा वाटणी अशी झाली: शेंडा दिल्लीचा, पान राज्याचे. नुसते पान सापडले तर १९४९ चा मुंबईचा कायदा. शेंडा सापडला तर १९८५ चा. आणि शेंड्यासोबत पान सापडले की पानालाही शेंड्याची संगत भोवते.

दिल्लीच्या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण. तेथे कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस, आणि दंड एक ते दोन लाख. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. चरसाला हीच मापे शंभर ग्रॅम आणि एक किलो. नुसते ओढताना सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि परवान्याशिवाय झाड लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंतचा. मग ते तुरीत लपवलेले असो की हौसेने कुंडीत लावलेले. येथे कायद्याचा एक गमतीदार पेच पडतो. भांगेचे पान दिल्लीच्या बंदीत नाही, पण ते ज्या झाडाला येते ते लावणे बंदीत आहे! म्हणून ठेक्याच्या दुकानातली भांग रानात आपोआप उगवलेल्या झाडांची, असे मानायचे.

हे मानणे-न मानणे न्यायालयांपुढेही येते. भांग जर चरस किंवा गांजापासून केली असे सिद्ध झाले नाही तर ती १९८५ च्या कायद्यात बसत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ साली एका जामिनाच्या प्रकरणात म्हटले. उलट, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अंमली द्रव्यात दुसरे निरुपद्रवी काही मिसळले असेल तर वजन साऱ्या मिश्रणाचे धरायचे. म्हणजे कोणी गांजाची राळ घालून केक भाजला तर मैद्याचे आणि साखरेचे वजनही आरोपीच्या खाती. मुंबई-पुण्याच्या काही हौशी मुलांना हे फार उशिरा कळते.

आता घराघरांत येणाऱ्या वस्तूंविषयी. पानठेल्यावर मनुक्याच्या नावाने काळ्या गोळ्या मिळतात, पचनाच्या म्हणून. त्यांतल्या काहींत भांग असते. डब्यावरचे बारीक अक्षर वाचावे. "विजया" किंवा "भंगा" हे भांगेचेच आयुर्वेदातील नाव. वैद्यकीत तिला मान आहे, नाही असे नाही. डॉक्टर ओशॉनेसी याने १८३९ साली कलकत्त्यात तिचे प्रयोग करून विलायतेच्या डॉक्टरांना तिची ओळख करून दिली. पण आपल्याच औषधी नियमांत भांगेची पाने विषारी द्रव्यांच्या यादीत, अनुसूची ई(१) मध्ये आहेत, आणि अशा औषधाच्या वेष्टनावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना छापणे सक्तीचे आहे. ती सूचना नसेल, उत्पादन परवान्याचा क्रमांक नसेल, तर ते औषध नव्हे. "विजया तेल" म्हणून टपालाने घरपोच येणाऱ्या बाटल्यांनाही हाच नियम लावावा.

बियांचे निराळे. भांगेच्या बियांत नशा जवळजवळ नसते. पहाडी मुलखात तिची चटणी करतात. २०२१ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, तिचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. मादक द्रव्य एक किलो बियांत पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी अट आहे. उत्तराखंडात तर नशेचे द्रव्य ०.३ टक्क्याहून कमी असलेल्या जातीची धाग्यासाठी लागवड परवान्याने होते. असे बी दुकानात मिळाले तर घाबरण्याचे कारण नाही. घरी पेरू मात्र नये.

ठंडाईविषयी डॉक्टर मंडळी एक गोष्ट बजावतात, ती आया-बहिणींनी ध्यानात ठेवावी. चिलमीचा धूर काही मिनिटांत चढतो. पोटात गेलेली भांग चढायला तास-दोन तास लागतात. पहिल्या पेल्याने काही झाले नाही म्हणून माणूस दुसरा घेतो, तिसरा घेतो, आणि मग सारे एकदम उभे राहते. होळीला दवाखान्यात येणारे बहुतेक या घाईचे बळी असतात. आणि घरातल्या लहान मुलाने तो हिरवा पेढा उचलला तर "झोपू दे, उतरेल" म्हणत बसू नये. तडक दवाखाना गाठावा आणि डॉक्टरपासून काही लपवू नये. घेऊन गाडी चालवणे हाही मोटार कायद्याने गुन्हा आहे, दारूइतकाच.

कोणाला व्यसनच लागले असेल तर १९८५ च्या कायद्यात एक दार उघडे आहे, जे फार थोड्यांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपण होऊन मान्य संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावरचा खटला थांबू शकतो. सरकारची १४४४६ ही फुकट दूरध्वनी सेवाही आहे. आणि अंगझडती घेण्याची वेळ आली तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर घ्या, असे म्हणण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे. मात्र दुसऱ्याची पिशवी "जरा धर" म्हणून हाती घेतली तर आपल्याला ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्याच डोक्यावर येते. यात्रेत, एस. टी. स्टँडवर, रेल्वेत हे ध्यानात असावे.

आमच्या वऱ्हाडात या विषयावर बोलू लागले की कोणीतरी शेगावच्या गजानन महाराजांच्या तसबिरीकडे बोट दाखवतो: "महाराजांच्या हातात चिलीम नाही का?" आहे. ज्यांना एवढेच दिसते त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. याच मातीत गाडगेबाबा झाले, तुकडोजी महाराज झाले. दोघांनी कीर्तनातून आणि खंजिरीवर गावोगाव व्यसनाला झोडपले, आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही सालच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हेच सांगत आलो. पण त्या दिवशी अंगणात बसलेल्या पोराला कीर्तन सांगून चालणार नव्हते. त्याला कायदा हवा होता.

मी त्याला एका वकिलाकडे नेले. वकिलांनी पंचनामा दोनदा वाचला आणि विचारले, "शेंडे होते का रे यात?"

"मले काय माहीत साहेब, पाला होता," तो म्हणाला.

"हेच तर सारे आहे," ते म्हणाले. पंचनाम्यात शेंड्यांचा शब्द नव्हता. नमुना रासायनिक तपासणीसाठी गेलेला. पाने निघाली तर प्रकरण मुंबईच्या कायद्यात. शेंडे निघाले तर दिल्लीच्या. दोन्हींकडे खटला आहे, परंतु भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचा जो कागद येतो, त्यावर त्या दोन कायद्यांची नावे सारखी दिसत नाहीत. पोराचा जामीन झाला. मोटारसायकल सुटायला मात्र अडीच महिने लागले, आणि ती त्याच्या मामाची होती.

तो पहाटेचा धावतो अजून. मी शाळेच्या वाटेवर निघतो तेव्हा घामाघूम होऊन परत येताना दिसतो. थांबतो, पाया पडतो. विचारायचे असते ते मी विचारीत नाही, तोच सांगतो.

परवा त्याची आई आली होती. तिने अंबाडीच्या भाजीची जुडी आणली होती. अहवाल आला का, असे मी विचारले.

"नाही आला, गुरुजी," ती म्हणाली. "तारीख दिवाळीनंतरची दिली."

जुडी ओटीवर ठेवून ती पाणीही न घेता गेली. तिला चारची गाडी धरायची होती.